शहराशी जुळवून घेणारे पक्षी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, मुंबई आणि पुणे या शहरांत सकाळच्या पक्षीनिरीक्षणाच्या फेऱ्यांमध्ये नवखे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे सविस्तर आहेत, कारण तो विषयच तसा आहे. काही प्रश्नांना चार ओळी पुरेशा वाटल्या.

पक्षी शहराशी जुळवून घेतात, म्हणजे नेमके काय होते?

या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. पहिली गोष्ट म्हणजे निवड. शहर हे एखाद्या चाळणीसारखे काम करते. माळरान, जंगल किंवा शेत यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या की तिथले बहुसंख्य पक्षी निघून जातात किंवा मरतात, आणि ज्यांच्या अंगी आधीपासूनच उपयोगी पडणारे गुण असतात तेवढेच उरतात. उरलेल्यांकडे पाहून आपण म्हणतो की पक्ष्यांनी जुळवून घेतले. वास्तविक त्यांतील अनेकांना फारसे काही बदलावे लागलेलेच नसते. दुसरी गोष्ट म्हणजे एकाच पक्ष्याने आपल्या आयुष्यात वागणूक बदलणे, म्हणजे नवे अन्न खाऊन पाहणे, घरट्यासाठी नवी जागा किंवा नवे साहित्य वापरणे, गाण्याची वेळ बदलणे. तिसरी गोष्ट म्हणजे पिढ्यान्पिढ्या होणारा आनुवंशिक बदल. हा बदल सर्वांत संथ असतो, तो सिद्ध करणे सर्वांत अवघड असते आणि त्याची खात्रीलायक उदाहरणे अजून थोडीच आहेत.

पुढची उत्तरे वाचताना हा फरक लक्षात ठेवावा, कारण कावळा हुशार आहे म्हणून टिकला हे म्हणणे आणि माळढोक शहरात राहायला शिकला नाही म्हणून संपत चालला हे म्हणणे, यांत मोठे अंतर आहे. माळढोकाला शिकण्याची संधीच नव्हती. त्याला मोकळे माळरान लागते आणि ते आपण शिल्लक ठेवले नाही.

कबुतरे इतकी वाढली आणि चिमण्या मात्र कमी झाल्या, असे का?

शहर कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हे या दोन पक्ष्यांच्या तुलनेतून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशातूनही होत नाही.

आपल्या खिडकीतले कबुतर हे मुळात कड्यांवर राहणारा पक्षी. खडकातील कपारी आणि अरुंद कंगोरे ही त्याची जुनी जागा. माणसाने हजारो वर्षे त्याला पाळले आणि आजची शहरी कबुतरे ही बरीचशी त्या पाळीव कबुतरांचीच वंशज आहेत. त्याच्या दृष्टीने वीस मजली इमारत म्हणजे सुबक कडाच. खिडकीवरचा सज्जा, वातानुकूलन यंत्राच्या मागची जागा, डक्टमधला पाइप या सगळ्या त्याला कपारी वाटतात. पण याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्या घशात आहे. कबुतराचे नर आणि मादी दोघेही आपल्या अन्नपिशवीच्या अस्तरातून दह्यासारखा दाट, प्रथिने आणि स्निग्धांश यांनी भरलेला पदार्थ तयार करतात आणि पिल्लांना पहिले काही दिवस तोच भरवतात. त्यामुळे पिल्ले वाढवण्यासाठी त्यांना किडे शोधावे लागत नाहीत. दाणे मिळाले की झाले. म्हणूनच ज्या शहरात वर्षभर दाणे मिळतात तिथे कबुतरे वर्षभर वीण घालू शकतात.

चिमणीचे तसे नाही. मोठी चिमणी दाणे खाते, भात खाते, पोळीचा तुकडा खाते. पण तिच्या पिल्लाला पहिले काही दिवस मऊ शरीराच्या अळ्या आणि किडे हवेच असतात. जिथे गवत नाही, झुडूप नाही, मातीचा तुकडा नाही, तिथे दाण्यांचे कितीही ढीग घातले तरी चिमणीचे पिल्लू जगत नाही. त्यात घरट्याची अडचण. वाड्यातली वळचण, कौलांखालची फट, भिंतीतला कोनाडा, तसबिरीच्या मागची तिरपी जागा ही चिमणीची हक्काची ठिकाणे होती. काँक्रीटच्या गुळगुळीत भिंतीत तिला लागणारे लहान बीळ नसते आणि कबुतराला लागणारा सज्जा मात्र मुबलक असतो. किराणा दुकानातली उघडी पोती जाऊन पुड्या आल्या, अंगणात धान्य पाखडणे थांबले, हेही कारण आहेच. पण पिल्लांचे किडे आणि घरट्याची फट ही दोन कारणे मी अधिक महत्त्वाची मानतो.

‘काऊचे घर शेणाचे, चिऊचे घर मेणाचे’ ही गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला चिमणीचे जाणे विशेष लागते, आणि ते स्वाभाविक आहे.

चिमण्या खरोखरच नामशेष होत आहेत का? मोबाइल टॉवरमुळे त्या गेल्या, हे खरे आहे का?

नाही, चिमणी नामशेष होण्याच्या मार्गावर नाही. देशभरातील पक्षीनिरीक्षकांच्या लाखो नोंदींवर आधारलेला ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा भारतभराचा विचार करता चिमणीची संख्या बऱ्यापैकी स्थिर असल्याचे त्यात दिसले. मात्र मुंबईसह सहा महानगरांमध्ये ती हळूहळू घटत असल्याचेही त्याच अहवालात नोंदवले आहे. गावी गेलेल्या माणसाला याचा अनुभव येतो. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यात अजूनही चिमण्यांचा कलकलाट असतो आणि मुंबईच्या नव्या वसाहतीत एकही दिसत नाही.

मोबाइल टॉवरच्या लहरींमुळे चिमण्या गेल्या, याला निर्णायक पुरावा मिळालेला नाही. ही समजूत इतकी पसरली, याचे एक कारण असे असावे की टॉवर डोळ्यांना दिसतो आणि अळ्यांचा अभाव दिसत नाही. दोष टॉवरवर टाकला की आपल्या अंगणात घातलेल्या फरशीकडे पाहावे लागत नाही, हेही मला येथे नोंदवावेसे वाटते.

कावळे तारांची घरटी का बांधतात? आणि शहरात कोकीळ का वाढले?

कावळ्याला घरट्याच्या बाहेरच्या सांगाड्यासाठी लांब, ताठ पण वाकणाऱ्या काटक्या लागतात. मुंबईसारख्या शहरात बांधकामाच्या जागी पडलेली बारीक तार ही काटकीपेक्षा सहज मिळते आणि अधिक टिकते, म्हणून तो ती उचलतो. टोकियोतले कावळे यासाठी कपडे वाळत घालण्याचे तारेचे हँगर नेतात. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये तर मॅगपाय आणि कावळे यांनी पक्ष्यांना हाकलण्यासाठी लावलेल्या धातूच्या खिळ्यांच्या पट्ट्याच उपटून त्यांची घरटी बांधल्याची नोंद २०२३ मध्ये झाली. ज्या वस्तूने पक्ष्याला दूर ठेवायचे तीच त्याने आपल्या घराच्या संरक्षणासाठी वापरावी, हे पाहून मी अजूनही थक्क होतो.

आपला घरकावळा माणसाशिवाय जवळपास आढळतच नाही. तो जहाजांवर बसून किंवा मुद्दाम नेला जाऊन पूर्व आफ्रिकेत पोहोचला. झांझिबारमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो कचरा साफ करण्यासाठी आणला गेला आणि आता तिथल्या स्थानिक पक्ष्यांना तो त्रासदायक ठरला आहे. १९९४ मध्ये हे कावळे नेदरलँड्समधल्या हूक व्हान हॉलंड या बंदरातही दिसले. बंदर, मासळी आणि उकिरडा हे त्रिकूट जिथे असेल तिथे त्यांचे बस्तान बसते.

कोकीळ वाढण्याचे कारण या कावळ्यातच आहे. कोकिळा स्वतः घरटे बांधत नाही, ती कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते. तिचे अंडे कावळ्याच्या अंड्याच्या आधी फुटते, त्यामुळे तिचे पिल्लू भरवून घेण्यात पुढे राहते. शहरात कावळ्यांची घरटी जितकी जास्त, तितक्या कोकिळेला जागा जास्त. त्याशिवाय मोठी कोकिळे मुख्यतः फळे खातात आणि वड, पिंपळ, उंबर, बकुळ, तसेच बंगल्यांतून लावलेली शोभेची फळझाडे त्यांना आयतीच मिळतात. चैत्रात पहाटे चार वाजता ओरडून झोपमोड करणारा तो नर कोकीळ आहे, हेही येथे सांगतो, कारण हा प्रश्न दर वर्षी येतो.

घारींची संख्या एवढी दिसते, मग गिधाडे कुठे गेली?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण शहराशी जुळवून घेणे हे पक्ष्याच्या हातात किती असते आणि आपल्या हातात किती, हे येथे कळते.

घार ही कचरा आणि मासळीबाजार यांवर जगणारी, उडताना पंजाने वस्तू टिपणारी, माणसाला न घाबरणारी शिकारी पक्षीण आहे. दिल्लीत तिच्या घरट्यांची दाटी जगातील शिकारी पक्ष्यांच्या सर्वाधिक दाटीपैकी एक मानली जाते. तिथल्या अभ्यासातून असे दिसले की कचऱ्याची उपलब्धता आणि जुन्या दिल्लीत घारींना मांसाचे तुकडे उधळण्याची धार्मिक प्रथा यांच्याशी घरट्यांच्या जागांचा जवळचा संबंध आहे. हिवाळ्यात मध्य आशिया आणि सायबेरियाकडून आलेल्या घारीही तिथे सामील होतात.

गिधाडेसुद्धा एके काळी शहरी पक्षी होती. मुंबईत मलबार हिलवरील पारशी समाजाच्या दोखम्यांवर, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याच्या मनोऱ्यांवर ती असत, दिल्लीच्या झाडांवर त्यांची घरटी असत. शहरात राहण्याची कला त्यांना चांगली अवगत होती. पण १९९० च्या दशकात गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने त्यांचा घात केला. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोपर्यंत दोखम्यांवर गिधाडे उरली नव्हती आणि पारशी समाजाला सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले होते. गिधाड वर्षाला एकच अंडे घालते आणि वयात यायला त्याला सुमारे पाच वर्षे लागतात. एवढ्या संथ गतीने वाढणाऱ्या पक्ष्याला अशा धक्क्यातून सावरायला वेळच मिळत नाही. जुळवून घेण्याचे कौशल्य असणे हे जगण्याची हमी देत नाही, ते या उदाहरणात दिसते.

वाहनांच्या गोंगाटात पक्षी एकमेकांना कसे ऐकतात?

वाहतुकीचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीत, म्हणजे खर्जात असतो. २००३ मध्ये नेदरलँड्समधील लायडन शहरात केलेल्या अभ्यासात असे आढळले की गोंगाटाच्या जागी राहणारे ग्रेट टिट पक्षी आपल्या गाण्यातील सर्वांत खालचे सूर वरच्या पट्टीत नेतात, म्हणजे गाणे गोंगाटाच्या वरून निसटते. बर्लिनमधील नाइटिंगेल अधिक मोठ्याने गातात, आणि त्यांचा आवाज कामाच्या दिवशी सकाळी जास्त तर सुट्टीच्या दिवशी कमी असतो. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात दिवसा फार गोंगाट असलेल्या भागांतील रॉबिन रात्री गातात.

यांतील सर्वांत बोलका प्रसंग २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत घडला. टाळेबंदीत तेथील रस्त्यांवरचा आवाज १९५० च्या दशकात होता तेवढा खाली आला. त्या वसंतात तिथल्या पांढऱ्या पट्ट्याच्या डोक्याच्या चिमण्या हळू आवाजात गाऊ लागल्या, त्यांच्या गाण्याचा पल्ला वाढला, आणि हळू गाऊनही ते गाणे पूर्वीपेक्षा दूरवर पोहोचू लागले. म्हणजे गोंगाटात त्यांनी काय गमावले होते, ते शांतता आल्यावर मोजता आले. आपल्याकडेही मार्च ते मे २०२० या काळात अनेकांना वाटले की पक्षी वाढले आहेत. खरे पाहता पक्षी तेवढेच होते. ते आपल्याला ऐकू येऊ लागले होते.

दयाळ हा आपल्याकडचा उत्तम गायक. वीण हंगामात तो पहाटे, उजाडण्याच्या बराच आधी गायला लागतो. रस्ता जागा होण्यापूर्वीच्या त्या तासाभरात त्याचे गाणे ऐकण्यासारखे असते. ज्यांना फारसे लांब जाता येत नाही त्यांनी एप्रिलमध्ये पहाटे पाचला गच्चीवर जाऊन बसावे, एवढीच माझी शिफारस आहे.

रात्रीच्या दिव्यांचा परिणाम होतो का?

होतो, आणि तो डोळ्यांना दिसतो त्याहून खोल असतो. जर्मनीतील म्युनिकमध्ये ब्लॅकबर्ड या पक्ष्यावर बरीच वर्षे काम झाले आहे. शहरातल्या नरांची प्रजननेंद्रिये जंगलातल्या नरांपेक्षा सुमारे तीन आठवडे आधी विकसित होतात, असे आढळले. नंतर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या पक्ष्यांना रात्रभर केवळ ०.३ लक्स एवढ्या मंद प्रकाशात ठेवले, तेव्हा त्यांच्या प्रजननाची तयारी जवळजवळ महिनाभर अलीकडे आली. ०.३ लक्स हा रस्त्यावरच्या दिव्यापेक्षा कितीतरी मंद, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका प्रकाश आहे. पक्ष्याचे शरीर ऋतू ओळखते ते दिवसाच्या लांबीवरून. रात्र पुसट झाली की तो हिशेब चुकतो. पिल्ले लवकर जन्माला येतात, पण अळ्या आपल्या नेहमीच्याच वेळी येतात, तेव्हा अडचण होते.

पक्षी एकमेकांकडून शिकतात का?

शिकतात. १९२१ मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टनजवळच्या स्वेथलिंग या गावात दारावर ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणे फोडून साय खाणारे लहान पक्षी दिसले, आणि पुढच्या काही दशकांत ही सवय ब्रिटनभर पसरली. अलीकडचे उदाहरण सिडनीचे आहे. तिथले पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे कचरापेटीचे झाकण चोचीने उचलून, कडेवरून चालत जाऊन ते मागे पाडायला शिकले. २०१८ च्या आधी ही गोष्ट तीन उपनगरांतून कळली होती. २०१९ च्या अखेरीपर्यंत ती ४४ उपनगरांत पोहोचली. शेजारच्या भागात ती आधी पोहोचली, दूरच्या भागात नंतर, आणि वेगवेगळ्या भागांतील काकाकुव्यांची झाकण उघडण्याची तऱ्हाही थोडी वेगळी होती. त्यामुळे ही सवय पाहून शिकली जाते, असा निष्कर्ष २०२१ मध्ये मांडण्यात आला.

शिकलेली प्रत्येक गोष्ट हिताचीच असते असे मात्र नाही. मेक्सिको सिटीतील फिंच आणि चिमण्या घरट्यात सिगारेटची थोटके आणून घालतात. २०१३ मधील अभ्यासात आढळले की थोटके जितकी जास्त तितके घरट्यातले रक्तपिपासू किडे कमी, कारण तंबाखूतील निकोटिन किडे मारते. पण त्याच संशोधकांच्या पुढील कामात या थोटकांमुळे पिल्लांच्या रक्तपेशींतील आनुवंशिक द्रव्याला इजा होत असल्याचेही दिसले. एका संकटावर शोधलेला उपाय दुसरे संकट घेऊन येतो.

शहरामुळे पक्ष्यांची उत्क्रांती होत आहे, असे म्हणता येईल का?

काही थोड्या बाबतीत म्हणता येईल, पण जपून. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात क्लिफ स्वॅलो ही भिंगरीची एक जात महामार्गांच्या पुलांखाली चिखलाची घरटी बांधते. दोन संशोधकांनी तीस वर्षे तिथल्या रस्त्यांवर गाड्यांखाली मेलेले पक्षी गोळा केले. २०१३ मध्ये त्यांनी दाखवले की घरटी वाढत असूनही गाड्यांखाली मरणारे पक्षी वर्षानुवर्षे कमी होत गेले, मरणाऱ्यांचे पंख थव्याच्या सरासरीपेक्षा लांब होते, आणि जिवंत थव्याचे पंख मात्र काळानुसार आखूड होत गेले. आखूड पंखाचा पक्षी झटकन वळू शकतो आणि उभा उडू शकतो, त्यामुळे तो गाडीच्या वाटेतून वाचला असावा, असे त्यांचे म्हणणे. सॅन दिएगोच्या विद्यापीठ परिसरात १९८० च्या दशकात वस्ती केलेल्या जंको पक्ष्यांच्या शेपटीतला पांढरा रंग डोंगरातल्या जंकोंपेक्षा कमी झाल्याचे आढळले आणि त्यात आनुवंशिक भाग असल्याचेही दिसले.

भारतात असे तीस-तीस वर्षे चालणारे काम फारच कमी झाले आहे. हे काम महाग नाही. एका जागी, एकाच पद्धतीने, न कंटाळता मोजत राहणारी माणसे लागतात.

ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी का येतात? तेथील पाणी तर प्रदूषित आहे.

याचे उत्तर ऐकून लोक अस्वस्थ होतात. रोहितांनी, म्हणजे फ्लेमिंगोंनी, शिवडी आणि ठाणे खाडीच्या चिखलाटीवर मोठ्या संख्येने यायला १९९० च्या दशकात सुरुवात केली. आता हिवाळ्याच्या सुरुवातीपासून मे महिन्यापर्यंत येथे एक लाखाच्या आसपास किंवा त्याहून अधिक पक्षी असतात. त्यांत छोटा रोहित सर्वाधिक. हा पक्षी चोच उलटी धरून पाणी गाळतो आणि त्यातले सूक्ष्म शेवाळ खातो. शहराच्या सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद खाडीत येतात, त्यावर शेवाळ माजते, आणि ते रोहिताच्या पथ्यावर पडते. म्हणजे आपली घाण त्यांचे अन्न वाढवते. पण त्याच पाण्यात जड धातू आणि कारखान्यांची रसायनेही असतात. त्यामुळे रोहित आले म्हणून खाडी निरोगी आहे असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आली. तरीही एक गोष्ट सीमारेषेत मावत नाही. भरती आली की चिखलाट पाण्याखाली जाते आणि हे पक्षी विश्रांतीसाठी नवी मुंबईतल्या पाणथळींवर जातात. त्या पाणथळी अभयारण्यात नाहीत. अन्न एकीकडे सुरक्षित आणि झोपण्याची जागा बिल्डरच्या नकाशावर, अशी ती स्थिती आहे. मे २०२४ मध्ये घाटकोपर परिसरात उतरणाऱ्या विमानाला थवा धडकून तीसहून अधिक रोहित मेले. त्यांची ये-जा कोणत्या वेळी, कोणत्या उंचीवरून होते, हे जाणून घेणे पक्ष्यांसाठी आणि प्रवाशांसाठीही आवश्यक आहे.

पूर्वी न दिसणारे पक्षी आता सोसायटीत का दिसतात?

राखी धनेश हे याचे चांगले उदाहरण आहे. मुंबई-पुण्याच्या जुन्या झाडीच्या वसाहतींमध्ये तो आता अनेकांच्या ओळखीचा झाला आहे. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात. उंबर-वड-पिंपळ यांची फळे आणि जाड खोडाच्या म्हाताऱ्या झाडात ढोली. मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते आणि नर तिला भरवत राहतो. ज्या रस्त्यावर चाळीस-पन्नास वर्षांची झाडे राखली गेली तिथे धनेश आला.

‘टुक टुक टुक’ असा ठोक्याचा आवाज करणारा तांबट वाळलेली, पोकळ होत चाललेली फांदी चोचीने कोरून घरटे करतो. आणि येथेच एक सार्वत्रिक चूक होते. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत वाळलेल्या फांद्या सर्वांत आधी तोडल्या जातात, आणि ती छाटणी नेमकी एप्रिल-मे मध्ये, घरटी भरलेली असताना होते. आमच्या रस्त्यावर एका वर्षी अशा तोडलेल्या फांदीत तांबटाची तीन पिल्ले सापडली. फांदी धोकादायक असेल तर ती तोडलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण धोक्याची नसलेली वाळकी फांदी केवळ वाईट दिसते म्हणून तोडू नये, आणि छाटणी शक्य तिथे डिसेंबर-जानेवारीत करावी, असे मी प्रत्येक सोसायटीला आग्रहाने सांगतो.

कबुतरांना दाणे घालावेत का?

घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागे कबुतरांचा द्वेष नाही. वाळलेल्या विष्ठेची धूळ आणि पिसांचे कण वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते आणि पुढे ती कायमची कडक होतात. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून मोठा वाद झाला, तो याच कारणाने. दाणे घालण्यामागची करुणा खरी असते, तिचा अनादर करण्याचे कारण नाही. पण आयत्या अन्नामुळे एकाच जातीची संख्या फुगते आणि सज्जे, फटी, वळचणी यांवर तीच हक्क सांगते. करुणा दाखवायची तर पाणी ठेवावे आणि झाड लावावे. त्याचा लाभ अनेक जातींना होतो.

काचेच्या इमारतींनी पक्षी मरतात का?

हो. काचेत आकाश किंवा झाड दिसले की पक्षी थेट त्यावर जाऊन आदळतो. अमेरिकेत अशा धडकांनी दर वर्षी ३६.५ कोटी ते सुमारे १०० कोटी पक्षी मरत असावेत, असा २०१४ चा अंदाज आहे. काचेच्या बाहेरच्या बाजूने दर पाच सेंटिमीटरवर ठिपके किंवा रेघा काढल्या तर धडका बऱ्याच कमी होतात. ससाण्याचे एखादे चित्र चिकटवून मात्र उपयोग होत नाही, पक्षी त्याच्या बाजूच्या काचेवर आदळतो.

बाल्कनीत काय केल्याने उपयोग होतो?

उथळ भांड्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी, रोज घासून बदललेले. सावलीत ठेवावे आणि मांजराला दबा धरता येणार नाही अशा जागी ठेवावे. कुंड्यांत देशी झाडे असावीत आणि त्यांवर कीटकनाशक मारू नये, कारण शिंपी आणि शिंजीर यांची पिल्लेही अळ्या आणि कोळी यांवरच वाढतात. चिमणीसाठी लाकडी पेटी लावायची तर तिचे भोक साधारण सव्वा इंचाचे ठेवावे, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. पेटी उन्हाच्या तडाख्यात नको आणि पंख्याजवळ तर नकोच. आसपास गवताचा किंवा झुडपांचा तुकडा नसेल तर पेटी रिकामी राहील, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे निराशा होणार नाही.

कुंडीत बुलबुलाने किंवा होल्याने घरटे केले असेल तर ती कुंडी हलवू नये. अंड्यांपासून उडून जाईपर्यंत बुलबुलाला जेमतेम चार आठवडे लागतात. तेवढे दिवस त्या झाडाला पाणी घालताना घरटे भिजणार नाही एवढे पाहावे आणि घरातल्यांनी जवळ जाऊन छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा, कारण आपल्या मागोमाग कावळ्यालाही जागा कळते.

जमिनीवर पिल्लू सापडले तर काय करावे?

आधी दोन मिनिटे पाहावे. अंगावर पिसे असतील, ते उड्या मारत असेल आणि शेपूट आखूड असेल, तर ते उडायला शिकणारे पिल्लू आहे आणि त्याचे आईबाप जवळच्या झाडावरून त्याला भरवत असतात. अशा पिल्लाला घरी नेणे म्हणजे त्याचे अपहरणच. मांजर-कुत्र्यापासून वाचवण्यासाठी त्याला उचलून जवळच्या झुडपावर ठेवावे आणि आपण दूर व्हावे. पिल्लू उघडेनागडे, पिसे नसलेले असेल तर घरटे शोधून त्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत चुकीची आहे. घरटे पडून मोडले असेल तर तळाला भोके पाडलेल्या छोट्या टोपलीत वाळके गवत घालून ती त्याच झाडावर, शक्य तितक्या जवळच्या फांदीला घट्ट बांधावी. आईबाप बहुधा तासाभरात परत येतात. पिल्लाला दूध, पाणी किंवा पोळी भरवू नये. दूध त्याला पचत नाही आणि चोचीत घातलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. ते जखमी असेल तर हवेसाठी भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवून वन विभागाला किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या केंद्राला कळवावे, आणि तोपर्यंत खोक्याचे झाकण सारखे उघडून पाहू नये.